इसार घेणारा देतो, विकणारा नाही

जमीन असो, दुभती म्हैस असो नाहीतर गणपतीच्या मूर्तींची ऑर्डर असो, आपल्याकडे सौदा ठरला की इसार होतो. घेणारा विकणाऱ्याच्या हातावर काही रक्कम ठेवतो आणि दोघंही शब्दाला बांधले जातात. पेणजवळच्या हमरापूर, जोहे भागातल्या कारखान्यांत व्यापारी मूर्ती बुक करायला येतो, तेव्हा आगाऊ पैसे तोच देतो. कारखानदार काही व्यापाऱ्याला पैसे देऊन "माझ्या मूर्ती घ्या हो" म्हणत नाही. ही रीत आपल्या आजीलाही माहीत होती.

हल्ली फोनवरून जी फसवणूक चालते, त्यातल्या एका मोठ्या प्रकारात हीच रीत उलटी केलेली असते. तुमची वस्तू विकली जाणार आहे, जागा भाड्याने जाणार आहे, कर्ज मंजूर झालंय, अडकलेले पैसे सुटणार आहेत, असं समोरचा सांगतो. मग म्हणतो, "फक्त एवढी फी आधी भरा." म्हणजे पैसे मिळणार तुम्हाला आणि देताय पण तुम्हीच! या लेखात हा डाव कसा चालतो, खरी फी आणि खोटी फी ओळखायची कशी, आणि पैसे गेलेच तर पहिल्या तासात काय करायचं, ते बघू.

टॉवरवाल्याचा फोन

आपल्या दोन्ही तालुक्यांत जमिनीची चर्चा सध्या जोरात आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत नवीन शहर वसवायचं काम एमएमआरडीएकडे दिलंय. रोह्याच्या बाजूला दिघीच्या औद्योगिक क्षेत्राचं बोललं जातं. त्यामुळे "तुमच्या जागेला भाव आलाय" असं कोणी म्हटलं की ते खरं वाटतं. फसवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. त्याचं खोटं आपल्या कानावर आधीच आलेल्या खऱ्या गोष्टीवर उभं असतं.

समजा, एका ताईच्या घरच्यांना फोन आला. "तुमच्या गावात आमच्या कंपनीचा मोबाईल टॉवर बसणार आहे. सॅटेलाइटवर तुमची जागा निवडली गेलीय. २० लाख ॲडव्हान्स, दर महिना २५ हजार भाडं, घरातल्या एकाला नोकरी." व्हॉट्सॲपवर पत्र येतं, त्यावर अशोकस्तंभ, शिक्का, सही सगळं असतं. मग हिशेब असा चढत जातो:

पहिली मागणी नोंदणी फी, २,५०० रुपये. भरली.
दुसरी मागणी करारनाम्याचा स्टॅम्प, ११,००० रुपये. भरली.
तिसरी मागणी सरकारी 'ना हरकत' दाखला, २८,००० रुपये. गटातून कर्ज काढून भरली.
चौथी मागणी २० लाखांवरचा कर, ६०,००० रुपये. आणि "आज भरला नाही तर फाईल बंद, आधीचे पैसेही परत मिळणार नाहीत."

हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, पण पायऱ्या अशाच असतात. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात. अडीच हजार गेले तर गेले, असं माणूस म्हणतो. एकदा ते दिले की पुढचे देताना मनात "आधीचे वाया जातील" ही भीती असते. तिसऱ्या पायरीवर माणूस २० लाखांच्या आशेवर राहिलेला नसतो, तो आपलेच १३,५०० वाचवायला धडपडत असतो.

आता खरं काय ते ऐका. ट्राय म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. ट्राय आणि दूरसंचार विभाग या दोघांनीही जाहीर सांगितलंय की टॉवरसाठी जागा भाड्याने घेण्याच्या व्यवहारात त्यांचा हात नसतो. टॉवर बसवायला ट्राय कसलंही 'ना हरकत' पत्र देत नाही आणि फीही घेत नाही. म्हणजे ट्रायच्या नावाचं पत्र आलं, तर ते पत्रच फसवणुकीचा पुरावा समजा. खऱ्या कंपनीला जागा हवी असेल तर तिची माणसं जागेवर येतात, सातबारा मागतात, मोजमाप घेतात आणि भाडं तुम्हाला देतात.

स्टॅम्पचंही तसंच. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे विक्रीच्या खतावरचा स्टॅम्पचा खर्च घेणाऱ्याचा असतो, आणि भाडेपट्ट्याचा खर्च जागा भाड्याने घेणाऱ्याचा. जागा देणारीकडून स्टॅम्पचे पैसे कोणी फोनवर मागत असेल, तर तिथेच थांबायचं.

"जमीन विकून देतो, आधी जाहिरातीचे पैसे द्या"

दुसरा प्रकार दलालीचा. "मुंबईची पार्टी तयार आहे, तुमच्या गुंठ्याला असा असा भाव देते. फक्त टायटल सर्च, सर्व्हे आणि जाहिरात यांचे मिळून १५,००० आधी भरा." पार्टी कधी दिसत नाही. दिसलीच तर फोनवर गोड बोलणारा दुसरा माणूस असतो.

आपल्याकडचा खरा दलालही पैसे घेतो, पण सौदा झाल्यावर. घेणाऱ्याला जमीन तपासायची असेल, वकिलाकडून शोध घ्यायचा असेल, तर तो खर्च त्याचा. तुम्हाला स्वतःसाठी सातबारा हवा असेल तर महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यासाठी कुणाला हजारो रुपये द्यायची गरज नाही.

पनवेल-ठाण्याच्या आपल्या नातेवाइकांपैकी काहींनी टाइमशेअर घेतलेलं असतं. म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क, आधीच मोठी रक्कम भरून पुढच्या दहा-पंचवीस वर्षांसाठी घेतलेला. वर दरवर्षी देखभालीचा खर्च वेगळा. मुलं मोठी झाली, जाणं होईना, की ते विकावंसं वाटतं आणि गिऱ्हाईक मिळत नाही. अशा वेळी फोन येतो, "गिऱ्हाईक तयार आहे, ट्रान्सफर फी आणि जीएसटी भरा." डाव तोच, फक्त शेताच्या जागी रिसॉर्ट.

हा डाव फक्त आपल्याकडे चालतो असं नाही. अमेरिकेच्या अर्थखात्याने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटलंय की मेक्सिकोतून चालणाऱ्या टाइमशेअरच्या फसवणुकीत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकी माणसांचे जवळपास ३० कोटी डॉलर गेले. हे सांगायचं कारण एवढंच, की फसलेली बाई अडाणी असते हा समज डोक्यातून काढून टाका. शिकलेली, नोकरी करून निवृत्त झालेली माणसंही याच "आधी फी भरा" वर गेलीत.

आपल्या कुणाकडे टाइमशेअर असेल आणि ते विकायचं असेल, तर आधी मूळ करारपत्र काढा. त्यावर छापलेल्या पत्त्यावर आणि नंबरवर कंपनीला विचारा की हस्तांतर करता येतं का, त्याची फी किती आणि ती कधी भरायची. मध्येच फोन करणाऱ्याला विचारू नका.

दोनशे किलो पापडांची ऑर्डर

हा प्रकार थेट आपल्या गटांवर येतो. पेणचे पोह्याचे पापड, मिरगुंड, कुरडया यांची जाहिरात आपण व्हॉट्सॲपवर टाकतो, नंबरही टाकतो. मग फोन येतो, "मी सैन्यात आहे. कॅम्पसाठी दोनशे किलो माल हवाय. भाव तुम्ही सांगाल तो." ओळखपत्राचा, गणवेशातला फोटोही येतो. भावात घासाघीस करत नाही, ही पहिली खूण. एवढी मोठी ऑर्डर आणि भाव विचारत नाही असं गिऱ्हाईक कुठल्या बाजारात भेटतं, सांगा बरं?

पैसे द्यायची वेळ आली की तो म्हणतो, "आमचं खातं सरकारी आहे. नियम असा की आधी तुम्ही पैसे टाकायचे, मग दुप्पट होऊन येतात." विश्वास बसावा म्हणून आधी एक रुपया मागवतो आणि दोन रुपये परत पाठवतो. मग क्यूआर कोड पाठवतो, "हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील."

सैन्याच्या कुठल्याही खात्याला असा नियम नाही. आणि हे एक वाक्य घरात फळीवर लिहून ठेवा: पिन टाकून पैसे जातात, पिन टाकून पैसे कधी येत नाहीत. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. देणारा आपला कोड स्कॅन करतो, आपण त्याचा नाही.

मोठी ऑर्डर आली तर घाबरून सोडून द्यायची, असंही नाही. रीतसर इसार मागा. "ऑर्डरच्या निम्मे पैसे आधी, मग माल करायला घेऊ" असं सरळ सांगा. खरं गिऱ्हाईक असेल तर काहीतरी देईल किंवा प्रत्यक्ष येईल. खोटं असेल तर फोन ठेवून देईल. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट धरायचा नाही, आपल्या खात्यात आले का ते बघायचं. खात्री झाल्याशिवाय उडीद भिजवायचा नाही की पोहे दळायला टाकायचे नाहीत. मालासाठी घातलेलं भांडवल हेही आपलेच पैसे आहेत.

"तुमचं कर्ज मंजूर झालंय"

कर्जाचा तर बाजारच भरलाय. मुद्रा योजनेच्या नावाचं मंजुरीपत्र फिरतं, "१० लाख मंजूर, करारापोटी ४,५०० भरा." केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने हे पत्र खोटं असल्याचं जाहीर केलेलं आहे. मुद्रा ही संस्था लोकांना थेट कर्ज देतच नाही. कर्ज बँक देते, तेही शाखेत अर्ज केल्यावर. मुद्रेने दलाल नेमलेले नाहीत. ५०,००० पर्यंतच्या 'शिशू' कर्जाला बहुतेक बँका प्रक्रिया फीसुद्धा लावत नाहीत.

गटाच्या कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की बचत गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही आणि गटाकडून स्वतःचा हिस्साही भरून घ्यायचा नाही. म्हणून "१० लाखांसाठी आधी १० टक्के माझ्याकडे जमा करा" असं म्हणणारा माणूस बँकेचा असूच शकत नाही, मग त्याच्या गळ्यात कुठलंही ओळखपत्र असो.

मोबाईलवरच्या ॲपच्या कर्जालाही नियम आहेत. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी. मधल्या ॲपवाल्याची फी बँकेने किंवा वित्त कंपनीने द्यायची, त्याने ती कर्जदाराकडून परस्पर घ्यायची नाही. कर्ज हातात यायच्या आधी "विम्याचे", "फाईलचे", "सिबिल सुधारायचे" पैसे कोणी मागत असेल, तर कर्ज मिळतच नाही, फक्त खिसा रिकामा होतो. त्या फीसाठी सावकाराकडे गेलं तर आगीतून फुफाट्यात.

अडकलेले पैसे, जुनी नाणी, बंद पॉलिसी

ठेवी अडकल्या की घराचं काय होतं, हे पेणकरांना वेगळं सांगायला नको. २०१० साली पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले तेव्हापासून कितीतरी घरं हे भोगत आलीत. ज्याचे पैसे एकदा अडकले, तो आशेवर असतो. म्हणूनच "मी तुमचे पैसे काढून देतो, फक्त फाईल फी भरा" असं म्हणणाऱ्यापासून अशा घरांनी सगळ्यांत जास्त जपायला हवं.

सहारा समूहाच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये परताव्याचं पोर्टल सुरू केलं. त्यावर अर्ज करायला फी नाही. पीएसीएल म्हणजे पर्ल्समध्ये ज्यांचे पैसे अडकले, त्यांचा परतावा निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या समितीमार्फत आहे, आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका असं सेबीने वारंवार बजावलंय. फॉर्म भरून द्यायचे सायबर कॅफेवाला थोडे पैसे घेईल, ती त्याची मजुरी. "परताव्याच्या २० टक्के आधी द्या" ही मजुरी नव्हे.

जुनी नाणी, जुन्या नोटा लाखात विकल्या जातात असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. "तुमच्या पाच रुपयाच्या नोटेला तीन लाख, आधी कमिशन आणि कर भरा." ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की अशा व्यवहारात ती पडत नाही, कमिशन मागत नाही आणि आपल्या नावाने पैसे घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही.

बंद पडलेल्या विमा पॉलिसीचंही असंच. "विमा नियामक कार्यालयातून बोलतोय, तुमचा बोनस पडून आहे" असा फोन येतो. विमा नियामक बोनस जाहीर करत नाही आणि पॉलिसीही विकत नाही. पॉलिसीची चौकशी करायची तर कंपनीच्या शाखेत जाऊन करा.

मग खरी फी कोणती?

सगळीच फी खोटी असते असं नाही. दस्त नोंदवायला फी असते, कोर्टात असते, बँकेतही काही कर्जांना असते. फरक ओळखायला चार प्रश्न विचारा.

१. पहिल्यांदा कोण आलं? आपण कचेरीत गेलो आणि त्यांनी फी सांगितली, ही एक गोष्ट. अनोळखी माणसाने फोन करून लाखाची लालूच दाखवली आणि मग फी सांगितली, ही दुसरी.

२. पैसे कुणाच्या नावावर जाणार? सरकारी फी सरकारच्या खात्यात जाते. महाराष्ट्रात स्टॅम्प आणि नोंदणी फी ग्रास या सरकारी प्रणालीतून चलनाने भरतात. ती कुणा माणसाच्या फोन पे किंवा गुगल पे नंबरवर जात नाही. पैसे पाठवताना समोर जे नाव दिसतं ते मोठ्याने वाचा. 'ट्रायची फी' आणि नाव भलत्याच माणसाचं, असं दिसलं की थांबा.

३. मिळणाऱ्या पैशांतून का कापत नाही? हा सगळ्यांत चांगला प्रश्न. "साहेब, २० लाख देताय ना, मग त्यातले ६० हजार कापा आणि १९ लाख ४० हजार द्या." खरा देणारा हेच करतो. कर कापून घेणं ही देणाऱ्याचीच जबाबदारी असते, त्यालाच टीडीएस म्हणतात. लॉटरी लागली तरी कर कापूनच पैसे हातात येतात. बँकेची फी बहुतेक वेळा कर्जाच्या रकमेतून वळती होते. फसवणारा मात्र कधीच कापून देत नाही, कारण त्याच्याकडे द्यायला काही नसतंच. तो म्हणेल "सिस्टीममध्ये तसं होत नाही." मग आपणही म्हणायचं, "आमच्यातही आधी द्यायची रीत नाही."

४. उद्यापर्यंत थांबेल का? "मी घरात आणि गटात विचारून सांगते" असं म्हणून बघा. खरा व्यवहार एका दिवसाने मोडत नाही. "आत्ताच, कुणाला सांगू नका" असं म्हटलं की समजून जा.

पैसे गेलेच तर

पहिली गोष्ट, रडत बसू नका आणि लपवू नका. वेळ फार महत्त्वाचा आहे. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवले जातात. ते काढून घ्यायच्या आत तक्रार गेली, तर बँका ते वाटेत अडवू शकतात.

ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. सायबर फसवणुकीसाठी हा देशभरचा नंबर आहे. सरकारच्या सायबर क्राइमच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. फोन करताना हाताशी हे ठेवा: आपला खाते नंबर, किती पैसे कधी गेले, व्यवहाराचा यूटीआर नंबर, समोरच्याचा फोन नंबर आणि यूपीआय आयडी. लगेच बँकेलाही कळवा. बँकेचा नंबर पासबुकावरून घ्या, इंटरनेटवर शोधून घेऊ नका, कारण तिथेही खोटे नंबर असतात.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज, पत्रं, आवाजाच्या क्लिप रागाने पुसून टाकू नका. तोच पुरावा. मग पोलीस ठाण्यात जा, पेणला किंवा रोह्याला, जे जवळ असेल तिथे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी तक्रार घेता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. एकटीला जायला अवघड वाटत असेल तर गटातल्या दोघीजणी सोबत जा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपल्या नकळत खात्यातून पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाला संरक्षण देणारे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. पण आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे परत मिळणं खूप कठीण असतं. म्हणून सगळा जोर पाठवायच्या आधी थांबण्यावर हवा. आणि तक्रारीनंतर "तुमचे पैसे मिळवून देतो, वकिलाची फी भरा" असा फोन आला, तर तोही त्याच टोळीचा समजा.

गटाने काय करायचं

ही फसवणूक एकटेपणावर जगते. "कुणाला सांगू नका" हे त्यांचं हत्यार आहे, आणि आपल्याकडे त्यावरचा उपाय आधीपासून आहे. दर आठवड्याला नाहीतर महिन्याला आपण दहाजणी एकत्र बसतो. एवढी सोय शहरातल्या माणसालाही नाही.

गटाचा पैसाही यात अडकतो, हे लक्षात घ्या. फी भरायला ताईने अंतर्गत कर्ज घेतलं, तर फसवणारा निघून जातो आणि हप्ता मागे राहतो. दर महिना १ टक्का असेल आणि १५,००० मुद्दल वर्षभर तसंच राहिलं, तर १,८०० रुपये नुसतं व्याज. हप्ता थकला की गटाचा हिशेब बिघडतो आणि पुढच्या बँक कर्जाला अडचण येते. म्हणजे फसते एक ताई आणि भोगतो सगळा गट.

म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचावा. मग दोघींनी फोनचं नाटक करून बघावं. एक टॉवरवाला साहेब, दुसरी शेताची मालकीण. साहेबाने पैसे मागायचे आणि मालकिणीने फक्त तिसरा प्रश्न विचारायचा, "त्यातूनच कापून का घेत नाही?" हसत-हसत ते तोंडात बसतं आणि खरा फोन आला की आपोआप बाहेर पडतं.

शेवटी इतिवृत्ताच्या वहीत असा ठराव लिहा:

*"आमच्या गटातील कोणत्याही सदस्याकडे जमीन, माल, कर्ज, परतावा, बक्षीस अथवा नोकरी मिळवून देण्यासाठी कोणी आधी पैसे मागितल्यास, सदस्य ती गोष्ट पैसे भरण्यापूर्वी गटातील किमान दोन सदस्यांना सांगेल. अशा फीसाठी अंतर्गत कर्ज मागितल्यास, गट आधी संबंधित बँक किंवा कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन चौकशी करेल. फसवणूक झाल्यास गट सदस्याला दोष देणार नाही, सोबत जाऊन तक्रार करेल."*

ठरावातलं शेवटचं वाक्य वगळू नका. दोष मिळणार नाही याची खात्री असेल, तरच ताई पहिल्या फीला बोलेल. नाहीतर ती चौथ्या फीनंतर बोलते, आणि तोवर गळ्यातलं मंगळसूत्रही गहाण पडलेलं असतं.

सही सगळ्यांनी करा. १९३० हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. आणि ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांच्या मोबाईलमध्ये तो तिथेच बसून भरून द्या.